दरवानाचा आवाज

त्याचा धंदा पंखे दुरुस्तीचा. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उलगडायची, नवी गुंडाळायची, वार्निश चढवून सुकवायची, आणि पंखा फिरायला लागला की गिऱ्हाइकाकडे अशा तोऱ्यात बघायचं, जणू वारा यानेच घरी करून आणलाय. पण त्याला पंखेवाला कुणी म्हणत नसे. गल्लीत, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे त्याला एकच हाक: दरवान. बायकोला तेवढं ते आवडायचं नाही. "दरवान काय, दरवान," ती म्हणायची, "लग्न केलं तेव्हा चांगला माणूस होता."

आता हे दरवान प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. शहरात एक मोठं नाटक चालायचं. मोठं म्हणजे साधंसुधं मोठं नव्हे. नाट्यगृहात ते मावतच नसे, म्हणून खेळांच्या सामन्यांसाठी बांधलेल्या प्रचंड बंदिस्त सभागृहात व्हायचं. प्लायवुडचा तीन मजली किल्ला, खरे घोडे, धूर ओकणारी यंत्रं, आणि दाढ्या चिकटवून घ्यायला थांबलेल्या सैनिकांची रांग थेट मागच्या गेटापर्यंत. एवढ्या पसाऱ्यात कुणाचा आवाज कुठवर पोचणार? म्हणून सगळे संवाद आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून ठेवलेले. प्रयोगाला ते मोठाल्या स्पीकरांतून वाजायचे आणि नटांनी वर नुसते ओठ हलवायचे. राजा गरजायचा तो स्पीकरमधून, राणी रडायची ती स्पीकरमधून, घोडेसुद्धा स्पीकरमधूनच खिंकाळायचे. खरे घोडे बिचारे गप्प उभे असायचे.

त्यात याचं काम किल्ल्याच्या दरवानाचं. दुसऱ्या अंकात राजाचा पराभव होतो, तो मागच्या दाराने निसटायला येतो आणि दरवानाला म्हणतो, तूही चल. दरवान म्हणतो, "या दाराला कडी आतून आहे, महाराज. कुणीतरी आत राहायलाच हवं." थोडी बोलाचाली होते, राजा जातो, हा कडी घालतो, शत्रू येतो आणि याला भोसकतो. खेळ खलास. एवढंसं काम. पण त्या वाक्याला दर प्रयोगाला टाळी पडायची, आणि भोसकलेला दरवान पडल्या पडल्या खोट्या मिशीत हसायचा.

ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं, म्हणजे आवाज त्याचा होता. हे काही सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. किरकोळ कामं करणाऱ्यांचे आवाज बहुतेक स्टुडिओतल्याच माणसांनी देऊन टाकले होते. सेनापतीचा आवाज एका रेडिओवाल्याचा आणि सेनापती दिवसा दुधाच्या गाडीवर. याला मात्र दिग्दर्शकाने बोलावलं, आणि त्या दिवशी राजाचं काम करणारा नट उशिरा उगवल्यामुळे वेळ संपत आलेली. मग दोघांना एकाच माईकसमोर उभं केलं आणि प्रवेश एका दमात उरकला. राजाच्या बोलण्यावर याचं बोलणं, याच्या बोलण्यात राजाचं. दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला, "दरवान, आवाज काय भरदार लागलाय." झालं. तो शब्द याने घरी नेला, दुकानात नेला, मुलीच्या सासरी फोन करून तिच्या सासऱ्यांनाही ऐकवला.

ओठ हलवणं म्हणजे पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून बघावं. आवाजाच्या पाठोपाठ ओठ हलले तर पहिल्या रांगेतला माणूस खुदकन हसतो. आवाजाच्या आधी श्वास घ्यावा लागतो, छाती फुगावी लागते, मानेची शीर दिसावी लागते. हा दुकानात तार गुंडाळतानाही ती वाक्यं मनात वाजवायचा. 'कडी' म्हणताना जबडा किती खाली जातो, 'महाराज'च्या आधी किती थांबायचं, सगळं अंगात मुरलेलं. बाकीचे सैनिक चुकत, एकमेकांना कोपरखळ्या मारत. हा कधी चुकला नाही. त्याला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान करावा अशी दुसरी गोष्ट त्याच्याकडे फारशी नव्हती.

मग घसा बसला.

आधी सर्दी म्हणाला. मग वार्निशचा वास म्हणाला. मग म्हणाला, प्रयोगातल्या धुराने होतंय, सुट्टीत जाईल. कारणं सांगायला हा कायम तयार. सुट्टी आली आणि गेली, घरघर वाढतच चालली. शेवटी बायकोने त्याला हाताला धरून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि दोघांना खुर्चीवर बसायला सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. जीव वाचेल, पण आवाज नाही वाचणार. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा, आयुष्यभर.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलगी आली होती. सगळ्यांना वाटत होतं, हा काहीतरी बोलेल. शेवटचं म्हणून काहीतरी. त्यालाही वाटत असावं, पण सुचेना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला आले तेव्हा तो वॉर्डातल्या छताकडे बोट दाखवून त्या घरघरत्या आवाजात कर्मचाऱ्याला म्हणाला, "त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, कुणाला तरी सांगा." एवढं बोलून आत गेला. त्यानंतर तो बोलला नाही.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी असं झालंय त्याला माहीत आहे, ज्याच्या घरी नाही त्याला न कळलेलंच बरं. एक बोलायचं यंत्र मिळालं होतं. गळ्याला टेकवून बोललं की डबा घासल्यासारखा आवाज यायचा. पहिल्यांदा त्याने ते लावून "चहा" म्हटलं, तर शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. बायको हसली, मग आत जाऊन रडली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "ते ठेवून द्या. मी ओठ वाचायला शिकते." आणि शिकली. लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचं तिचं काम. दिवसभर उभी राहून घरी आली की त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायची आणि तो जे म्हणेल ते मोठ्याने म्हणून दाखवायची. "मीठ कमी. मीठ कमी म्हणालात ना? घ्या, वरून घ्या." वर्षभरात एवढी तरबेज झाली की भांडणसुद्धा व्हायला लागलं. भांडण रंगात आलं की ती उठून दिवा मालवायची. अंधारात ओठ दिसत नाहीत, त्यामुळे जिंकायची ती.

दुकानात गिऱ्हाइकं त्याच्याशी ओरडून बोलायची. आवाज गेला की लोक माणसाला बहिराही समजतात आणि थोडा वेडाही. तो पाटीवर लिहायचा, 'ऐकू येतं', तरी ओरडायची.

आणि नाटक? नाटक सुटलं असं धरूनच तो चालला होता. एक दिवस धीर करून, गळ्याला रुमाल गुंडाळून, फक्त भेटायला म्हणून गेला. दिग्दर्शकाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं काम काय? ओठ हलवायचं. ओठ आहेत ना?" आजूबाजूचे चमकले. एखाद्याला हे बोलणं जिव्हारी लागलं असतं. याने दिग्दर्शकाचे हात हातात घेतले आणि सोडेचना. कपडेवाल्या बाईने भोक झाकायला चिलखताचा उंच गळा शिवून दिला, आतून जाळीचं कापड लावलं, म्हणजे धूळ आणि धूर आत जाऊ नये.

त्यानंतरचा पहिला प्रयोग तो कधी विसरला नाही. प्लायवुडच्या दाराआड उभा होता, हातात चंदेरी रंग दिलेला भाला. गळ्यातून श्वास घेतला, छाती फुगवली, ओठ उघडले, आणि सगळ्या सभागृहात त्याचा आवाज घुमला. या दाराला कडी आतून आहे, महाराज. भिंतींवर आपटून परत त्याच्याकडे आला. छातीच्या फासळ्यांना हादरा बसला तो त्याला लागला, स्पीकरचाच हादरा, पण त्याला वाटलं आपल्याच छातीतून निघाला. टाळी पडली. मेल्यावर तो सतरंजीवर पडून रडत होता आणि दाढीचा गोंद सुटत होता, आणि त्याला ओलांडून जाणारा एक शत्रुसैनिक ओठ न हलवता पुटपुटला, "काका, मेलात ना, आता पोट हलवू नका."

तेव्हापासून तो प्रयोगासाठी जगायला लागला. आठवडाभर मुका, आणि रविवारी काही मिनिटं बोलका. जगात त्याचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. मुलीच्या लग्नाची सीडी होती, पण तिच्यावर व्हिडिओवाल्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवलेली. त्यात हा पाहुण्यांशी हसून हसून बोलताना दिसतो आणि ऐकू येतं ते सिनेमातलं गाणं.

एकच गोष्ट त्याला सलायची. बायको बघायला येत नव्हती. नाटक नवीन होतं तेव्हा एकदा येऊन गेली होती, पण धक्काबुक्कीत कुठेतरी मागे बसली आणि दुसऱ्या अंकाआधीच चक्कर येते म्हणून घरी गेली. ऑपरेशननंतर तर एकदाही नाही. तो विचारायचा, ती टाळायची. गुडघे दुखतात. धुराने खोकला होतो. बहीण येणार आहे. लाँड्रीत हॉटेलच्या चादरी आल्यात. एकदा तर म्हणाली, "तुम्ही मरताय ते बघायला यायचं का मी?" तो मनात म्हणायचा, बाई, मरणं राहू दे, त्याच्या आधीचं तरी ऐक. माझा आवाज आहे तो. तुझ्या नवऱ्याचा. तुला नको झालाय का?

असं चालू होतं, तोवर राजा बदलला. जुन्या राजाचे गुडघे गेले, घोड्यावर चढवायला दोन माणसं लागायला लागली. नाटकाच्या मालकाने सिनेमातला एक नट आणला. जाहिराती लागल्या. कंपनीत सगळे खूश, कारण गर्दी वाढणार. हाही खूश होता. आवाजाचं खातं सांभाळणारा तरुण त्याला बाजूला घेऊन गेला तोवर.

हा आवाजवाला मनाने चांगला होता, पण गोड बोलणं त्याला जमत नसे. तो म्हणाला, "काका, नवीन राजा म्हणजे सगळा ट्रॅक नवीन. राजाचा आवाज काढायला लागणार."

दरवानाने मान हलवली. काढा की.

"तुमचा प्रवेश एका माईकवर झालाय. राजा काढला की तुम्ही पण निघता. दोघं वेगळे होत नाहीत, मी करून बघितलं. मग दरवानाचा आवाज स्टुडिओतला एक जण देणार आहे. तुमचं काम जात नाही हं. तुम्ही आहातच. फक्त आवाज बदलतोय."

दरवानाने पाटी काढली आणि लिहिलं, 'जुना मला द्या.' आवाजवाल्याने मान खाली घातली. मालकाने बाहेर काही द्यायचं नाही अशी तंबी दिली होती; आधीच्या आवाजवाल्याची नोकरी अशाच कारणाने गेलेली. जुना ट्रॅक मालकाच्या कपाटात जाणार आणि तिथून तो कुणाला मिळणार नाही. "काका, माझ्या हातात असतं तर दिला असता," तो म्हणाला. "एवढं करतो, शेवटच्या प्रयोगाला घरच्यांना आणा. माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकतो. तिथे जितकं स्वच्छ ऐकू येतं तितकं कुठेच येत नाही."

घरच्यांना. त्या क्षणी त्याच्या मनाने घेतलं. कपाटात जाईल नाहीतर मातीत जाईल, पण जायच्या आत तिने तो एकदा ऐकला पाहिजे. बाकी त्याला काही नको होतं. आवाज जगात राहणार नसेल तर निदान तिच्या कानात राहू दे.

तो घरी गेला आणि तिला सगळं सांगितलं. ती चादरीला ठिगळ लावत होती. ओठ वाचता वाचता सुई थांबली. मग म्हणाली, "रविवारी का? रविवारी जमायचं नाही." का, ते सांगेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर गुडघे. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांच्या जागी खोकला आला. तो एवढा चिडला की ताटावरून उठला. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुला माझा आवाज नको आहे', आणि पाटी तिच्या उशीवर ठेवली. सकाळी पाटी पुसलेली होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. त्यालाही वाटलं, आपण अति करतोय. पण थांबवेना. तिच्यासमोर स्टुलावर बसला, तिच्यासारखाच, आणि सावकाश, एक एक अक्षर सुटं करून म्हणाला: एकदा. शेवटचं. माझ्यासाठी.

"बरं," ती म्हणाली. "येते."

रविवारचा दुपारचा प्रयोग. ठेवणीतले कपडे घालून ती त्याच्याबरोबरच निघाली. आवाजवाल्याने शब्द पाळला. बटणांच्या टेबलाशेजारी गादीची खुर्ची ठेवली होती, पाण्याची बाटलीसुद्धा. दरवानाने ती कुठे बसलीय ते नीट बघून ठेवलं आणि मागे गेला. पहिला अंक कसा संपला ते त्याला कळलं नाही. घोडे गेले, घोडे आले, राणी रडली, किल्ल्याचा बुरूज ढकलणाऱ्यांपैकी एकाचा पाय चाकाखाली आला आणि तो कळवळला, तर त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

मग दार. मग राजा. जुन्या राजाचाही हा शेवटचाच प्रयोग. लंगडत आला, पण आला. दरवानाने श्वास घेतला.

असा प्रयोग त्याने आयुष्यात केला नव्हता. एकेक शब्द त्याच्या ओठांवर असा बसला, की पहिल्या रांगेत नाक लावून बसला असता तरी कुणाला खोट काढता आली नसती. तो राजाकडे बघून बोलायचा ते त्या दिवशी जरा तिरका उभा राहिला, म्हणजे ती दिसावी. या दाराला कडी आतून आहे, महाराज. आवाज निघाला, सभागृहभर पसरला. कुणीतरी आत राहायलाच हवं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि दिव्यांच्या उजेडात डोळे बारीक करून त्याने तिच्याकडे बघितलं.

तिने दोन्ही हात कानांवर ठेवले होते. घट्ट. मान खाली घातलेली. शेजारचा आवाजवाला तिच्याकडे वाकून काहीतरी विचारत होता. तिने मान हलवली, हात काढले, मांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिली, एखाद्याला दाताच्या डॉक्टरकडे बसवल्यासारखी. दरवानाला वाटलं, स्पीकर फार जवळ पडला असणार. मग भाला आला आणि तो मेला.

दोघं चालत घरी आले. अजून उजेड होता. रस्त्यात तो सारखा तिच्या तोंडाकडे बघत होता, पण ती दुकानांच्या पाट्या वाचत चालली होती. घरी आल्यावर तिने कपडे बदलले, चहा टाकला, दोन कप भरले आणि समोर बसली. त्याने विचारलं, कसा वाटला?

"छान झालं काम," ती म्हणाली. "टाळ्या पडल्या."

काम नव्हे. आवाज.

तिने कप खाली ठेवला. "खरं सांगू? रागावायचं नाही."

त्याने मान हलवली.

"तो तुमचा आवाज नाही हो. तो दरवानाचा आहे." ती हळूहळू बोलत होती, त्याला लागू नये म्हणून शब्द निवडत. "एवढा जाडजूड आवाज तुमचा कधी होता? तुमचा बारीक होता. निम्मं बोलणं नाकातून यायचं. फोनवर नवीन माणूस तुम्हाला बाई समजायचा आणि तुम्ही चिडायचात. आठवतं का?"

नव्हतं आठवत. आता आठवलं. स्टुडिओच्या आधी दिग्दर्शकाने तोंड वाकडं केलं होतं, हा आवाज चालायचा नाही म्हणाला होता, पोटातून काढा. आणि हा दुकानाच्या मागे पाण्याच्या रिकाम्या पिंपात तोंड घालून आठवडाभर गुरगुरत होता, घसा फाटेस्तोवर, तेव्हा कुठे तो 'महाराज' निघाला होता. हे सगळं तो साफ विसरला होता. दर रविवारी त्या आवाजाला ओठ लावून लावून तो आवाज त्याचा झाला होता, आणि ज्याने सगळं आयुष्य संसार केला, मुलीला हाका मारल्या, गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, तो कधी नाहीसा झाला हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"म्हणून मी येत नव्हते," ती म्हणाली. "गुडघे कसले आणि खोकला कसला. तुम्ही पिंपात गुरगुरत होतात तेव्हाच मी तो आवाज ऐकला होता. मला भीती वाटायची. तुमचा खरा आवाज माझ्याकडे थोडासाच उरला होता. आधी पुष्कळ होता, मग एक एक जायला लागला. तुमचं हसणं गेलं. मुलीला कशी हाक मारायचात ते गेलं. शेवटी एकच राहिलं होतं, 'अगं, माझा चष्मा कुठंय.' सकाळी इस्त्री तापेपर्यंत मी तेवढं मनात एकदा ऐकायचे. एकदाच. जास्त वापरलं तर झिजेल असं वाटायचं."

तिने कप बाजूला सरकवला.

"आणि आज तो एवढा मोठा आवाज माझ्या कानात घातलात तुम्ही. मी कान झाकले, पण तो हाताला जुमानतो का? तुमचं वाईट वाटलं म्हणून हात काढले मी. तुम्ही किती आशेने बघत होतात."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, मला माहीत नव्हतं म्हणायचं होतं. मग ती स्टूल ओढून त्याच्या अगदी जवळ बसली आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला.

"म्हणा बरं," ती म्हणाली. "चष्म्याचं म्हणा."

तो म्हणाला. अगं, माझा चष्मा कुठंय.

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली, कान देऊन. "परत," म्हणाली. तो परत म्हणाला. "सावकाश म्हणा. नेहमीसारखं, घाईत असल्यासारखं नको." तो सावकाश म्हणाला. मग पुन्हा. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, आणि तिचा जीव त्याच्या त्या हलणाऱ्या ओठांवर टांगलेला होता. शेवटी तिने त्याचा चेहरा सोडला.

"तोच येतोय हो," ती म्हणाली. "दरवानाचा."